सातबारा नसलेलं स्वातंत्र्य

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. काळ्या गुलामांना दास्यातून सोडवताना त्या लोकांनी जी निरपेक्ष बुद्धी दाखवली, तिचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी घ्यावा, अशी आशा त्या अर्पणपत्रिकेत आहे. पुण्यात बसून सातासमुद्रापलीकडच्या लढ्याशी नातं जोडणारे ते शब्द वाचताना आजही ऊर भरून येतो. पण त्या कित्त्याचं शेवटचं पान अमेरिकेनं कोरंच सोडलं होतं. ते भरा म्हणून हट्ट धरून बसलेला माणूस फुल्यांची अर्पणपत्रिका छापली जाण्याच्या पाच वर्षं आधी, ऑगस्ट १८६८ मध्ये वारला. त्यांचं नाव थॅडियस स्टीव्हन्स, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातले पेनसिल्व्हेनियाचे सदस्य. आपल्याकडे लिंकन शाळकरी पोरांनाही ठाऊक आहेत, स्टीव्हन्स मात्र फारसे कुणाच्या कानावर नाहीत.

गुलामगिरी संपली त्या वर्षी स्टीव्हन्स सांगत होते, की या माणसांना जमीन द्या, नाहीतर तुम्ही दिलेलं स्वातंत्र्य त्यांच्या हातून निसटेल. ते बरोबर होते, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना सूडबुद्धीचा म्हातारा ठरवून अमेरिकेनं पुढची कित्येक दशकं आपली सर्वांत महागडी चूक झाकून ठेवली, असंही मला वाटतं.

त्यांचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजी व्हर्माँट राज्यातल्या डॅनव्हिल गावात झाला. एक पाय जन्मतःच वाकडा होता. बाप घर सोडून गेला आणि आईनं काबाडकष्ट करून पोरांना वाढवलं. शाळेसाठी ती बिऱ्हाड हलवून पीचम गावी गेली. डार्टमथ कॉलेजातून १८१४ साली पदवी घेऊन ते पेनसिल्व्हेनियात आले आणि गेटिसबर्गमध्ये वकिली करू लागले. पन्नासेक वर्षांनी ज्या गावाशेजारी उत्तरेची राज्यं आणि गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेची राज्यं यांच्यातल्या यादवी युद्धातली सर्वांत भीषण लढाई झाली, तेच हे गेटिसबर्ग.

या वकिलीतली एक गोष्ट त्यांच्या चाहत्यांना नकोशी वाटते, पण मी ती आधी सांगतो. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार बाहेरच्या राज्यातल्या मालकानं गुलामाला तिथं सलग सहा महिने ठेवलं, तर तो गुलाम मुक्त होई. मेरीलँडमधल्या चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीनं याच आधारावर स्वतःसाठी आणि आपल्या मुलींसाठी दावा लावला. १८२१ साली खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तिला अधूनमधून थोडे थोडे दिवस आणलं जाई, त्या दिवसांची बेरीज करता येणार नाही, असा युक्तिवाद मालकाच्या बाजूनं स्टीव्हन्सनी केला आणि ते जिंकले. चॅरिटी मुलींसह पुन्हा गुलामगिरीत गेली. पुढच्या आयुष्यात या माणसानं पळून आलेल्या गुलामांची वकीलपत्रं घेतली, पण या निकालानं एका बाईचं आयुष्य जे मोडलं ते त्यानं भरून निघत नाही. तरी हा प्रसंग जाणून असलेल्या माणसाला त्यांचं पुढचं राजकारण जास्त नीट कळतं, असं मला वाटतं. दिवस मोजण्याच्या वादात एक आख्खं माणूस कसं हरतं, हे त्यांनी स्वतःच्या हातानं करून पाहिलं होतं.

१८३४ साली पेनसिल्व्हेनियात मोफत सरकारी शाळांचा कायदा झाला. करदात्यांनी ओरड केली, पुढच्या वर्षी तो रद्द करायची तयारी झाली आणि राज्याच्या वरिष्ठ सभागृहानं तसं मतही दिलं. तेव्हा कनिष्ठ सभागृहात स्टीव्हन्सनी केलेल्या भाषणानं पारडं फिरलं. गुन्हेगाराला डांबून ठेवायला लागणारा कर तुम्ही हसत भरता आणि माणूस गुन्हेगार होऊ नये म्हणून लागणारा कर भरताना रडता, असा त्यांचा रोख होता. तीन वर्षांनी राज्याची नवी घटना तयार झाली. तिनं मतदाराच्या व्याख्येत 'गोरा' हा शब्द घालून काळ्या नागरिकांचं मत काढून घेतलं. स्टीव्हन्सनी त्या घटनेवर सही केली नाही.

१८४२ साली ते लँकेस्टरला राहायला गेले. लोखंडाच्या भट्ट्यांच्या धंद्यात मोठं कर्ज झालं होतं, ते वकिलीवर फेडलं. त्यांच्या घराचा आणि व्यवहाराचा कारभार सुमारे वीस वर्षं लिडिया हॅमिल्टन स्मिथ या मिश्रवंशीय विधवेनं पाहिला. त्या दोघांच्या नात्यावर विरोधकांनी आयुष्यभर चिखल उडवला. स्टीव्हन्सनी त्याला भीक घातली नाही आणि मृत्युपत्रात बाईंची सोय करून ठेवली. त्याच पैशावर आणि हिमतीवर पुढे त्या मालमत्तेच्या मालकीण झाल्या.

युद्धकाळात ते प्रतिनिधिगृहाच्या अर्थविषयक समितीचे अध्यक्ष होते. करांपासून कागदी चलनापर्यंत लढाईचा खर्च उभा करणारे मोठे कायदे त्यांच्या हाताखालून गेले. जून १८६३ मध्ये दक्षिणेच्या सैन्यानं कॅलेडोनियातला त्यांचा लोखंडाचा कारखाना जाळून टाकला. जाळणाऱ्यांनी नेमका माणूस निवडला होता. पण त्यांच्या जमीनवाटपाच्या योजनेचं मूळ या राखेत शोधणाऱ्यांनी तिचे आकडे एकदा तपासावेत. ते सूडाचे आकडे नाहीत.

आता जमिनीकडे येतो. १२ जानेवारी १८६५ च्या रात्री जॉर्जियातल्या सव्हाना शहरात उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून घेतलं आणि तुम्हाला काय हवं, असं विचारलं. सरकारनं हा प्रश्न ज्यांचा जीव त्यात अडकला होता त्यांनाच विचारावा, ही त्या काळात अपूर्व गोष्ट होती. सगळ्यांच्या वतीनं ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर बोलले. आठच वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःचं आणि बायकोचं स्वातंत्र्य हजार डॉलर मोजून विकत घेतलं होतं. स्वातंत्र्य म्हणजे स्वतःच्या कष्टाचं फळ स्वतःच्या पदरात पडणं, आणि त्यासाठी उत्तम मार्ग म्हणजे आम्हाला जमीन मिळावी आणि ती आम्ही कसावी, असं त्यांनी सांगितलं. चार दिवसांनी शर्मननी हुकूम काढला. दक्षिण कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतची किनारपट्टी, बेटं आणि मालकांनी सोडून दिलेली भातशेती मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवायची, आणि दर कुटुंबाला जास्तीत जास्त चाळीस एकर द्यायची. उन्हाळ्यापर्यंत सुमारे चाळीस हजार माणसं चार लाख एकरांवर वसली होती. त्यांनी पेरणीही केली होती.

एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला आणि अध्यक्षपदी आलेले अँड्र्यू जॉन्सन माफीनामे वाटू लागले. माफीबरोबर जमीनही परत मिळू लागली. ऑक्टोबरमध्ये मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड यांना दक्षिण कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर पाठवण्यात आलं. जमीन मूळ मालकांना परत द्या, त्यांना क्षमा करा, असं तिथल्या लोकांना समजावणं हे त्यांचं काम होतं. हॉवर्डना युद्धात उजवा हात गमवावा लागला होता. बेटावरच्या लोकांच्या समितीनं त्यांना लिहिलेल्या पत्राचा आशय असा: तुमचा फक्त हात गेला, तुम्हाला कदाचित क्षमा करता येईल, ज्यानं मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून झोडपलं, आणि जो आज त्यानं ठरवलेल्या मजुरीवर राबल्याशिवाय मला त्याच्या रिकाम्या खोपटातही राहू देत नाही, त्याला मी क्षमा करू शकत नाही. कालपर्यंत ज्यांना अक्षर शिकणं गुन्हा होता, त्यांच्यातून हे पत्र आलं. मालकी म्हणजे काय, हे त्या बेटावरच्या माणसाला वॉशिंग्टनमधल्या कायदेपंडितांपेक्षा नेमकं कळलं होतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुठल्याही कसणाऱ्याला ते कळेल.

एडिस्टोच्या महिनाभर आधी, ६ सप्टेंबर १८६५ ला स्टीव्हन्सनी लँकेस्टरच्या सभेत हिशेब मांडला होता. बंड केलेल्या राज्यांत एकूण ४६ कोटी ५० लाख एकर जमीन आहे. त्यातली ३९ कोटी ४० लाख एकर ही राज्य सरकारं आणि दोनशे एकरांहून जास्त जमीन असलेले सुमारे सत्तर हजार धनी यांच्याकडे आहे. एवढीच जप्त करा. दहातल्या नऊ माणसांच्या केसालाही धक्का लागणार नाही. मुक्त झालेले प्रौढ पुरुष दहा लाख धरले, तर प्रत्येकी चाळीस एकरांप्रमाणे चार कोटी एकर लागतील. उरलेली ३५ कोटी ४० लाख एकर लहान शेतांत पाडून लिलावानं विका. एकरी दहा डॉलर धरले तरी त्यातून जखमी सैनिकांची पेन्शनं, युनियनशी, म्हणजे केंद्र सरकारशी, एकनिष्ठ राहिलेल्यांची नुकसानभरपाई आणि राष्ट्रीय कर्जाचा मोठा वाटा फिटेल.

हा एका अर्थसमितीच्या अध्यक्षाचा, वहीखात्यातला हिशेब आहे. स्टीव्हन्स जिभेचे तिखट होते आणि त्यांच्या भाषणात शिव्याशाप भरपूर असत, हे मी नाकारत नाही. पण सत्तर हजार जमीनदारांनी चाळीस लाख माणसांना पिढ्यान् पिढ्या फुकट राबवलं होतं आणि ती व्यवस्था टिकवायला लाखो जीव घेणारं युद्ध ओढवलं होतं. त्यांची जमीन काढून घेणं याला सूड म्हणायचं असेल, तर न्याय कशाला म्हणायचं, हे तरी सांगायला हवं.

फेब्रुवारी १८६६ मध्ये त्यांनी जप्त जमिनी मुक्त गुलामांसाठी मोकळ्या करणारी दुरुस्ती मांडली. ती १२६ विरुद्ध ३७ मतांनी पडली. विरोधात मत देणाऱ्यांत त्यांच्या स्वतःच्या रिपब्लिकन पक्षाचे बहुसंख्य सदस्य होते. मार्च १८६७ मध्ये आजारपणानं खंगलेल्या अवस्थेत त्यांनी पुन्हा विधेयक आणलं. रशियाच्या झारनं शेतकरी गुलामांना मोकळं करताना जमिनीसकट मोकळं केलं, याकडे त्यांनी बोट दाखवलं. (रशियातल्या शेतकऱ्यांच्या मानेवर त्या जमिनीचे हप्ते बसले, पण पायाखाली जमीन तरी होती.) तात्काळ मताधिकारापेक्षाही राहायला आणि कसायला जागा मोलाची आहे, दोन्ही त्यांच्या हक्काचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. काही घडलं नाही.

नाही म्हणणारे सगळे दुष्ट नव्हते. त्यांचे आक्षेप ऐकण्यासारखे होते. राज्यघटनेनुसार देशद्रोह्याची मालमत्ता जप्त झाली तरी ती त्याच्या हयातीपुरतीच, वारसांचा हक्क जात नाही. ही अडचण खरी होती. दक्षिण हा जिंकलेला प्रदेश आहे, तिथं युद्धाचे नियम लागू होतात, हे स्टीव्हन्सचं उत्तर त्या काळच्या अनेक वकिलांना पटलं नाही आणि मलाही ते फार भक्कम वाटत नाही. पण त्याच संसदेनं घटनेत दुरुस्ती करून गुलामगिरी रद्द केली होती. प्रतिनिधिगृहात ते मतदान ३१ जानेवारी १८६५ ला ११९ विरुद्ध ५६ असं झालं. कोट्यवधी डॉलरची 'मालमत्ता' मानली गेलेली माणसं तिनं एका ठरावानं मालमत्तेच्या यादीतून वगळली. हे करणाऱ्यांना जमिनीसाठी वाट सापडली नसती, हे मला पटत नाही. त्यांनी ती शोधलीच नाही.

दुसरा आक्षेप जास्त रुळलेला आहे आणि तो आपल्याकडेही रोज ऐकू येतो. फुकट दिलं की माणूस आळशी होतो, जमीन कष्टानं कमवावी. हे म्हणणाऱ्याच संसदेनं १८६२ साली होमस्टेड कायदा करून पश्चिमेकडे जाणाऱ्या कुटुंबांना १६० एकर जवळजवळ फुकट देऊ केली. रेल्वे कंपन्यांना त्याच काळात जमिनीची जी दानं सुरू झाली ती पुढे दहा कोटी एकरांच्या वर गेली. (ती जमीन तिथल्या आदिवासी जमातींकडून हिसकावलेली होती, हे वेगळं सांगायला नको.) तेव्हा आळस कुणाला आठवला नाही. आणि कष्टाचीच गोष्ट काढायची, तर त्या कापसाच्या आणि भाताच्या शेतांवर कुणी कष्ट केले होते?

उत्तरेच्या कारखानदारांना कापूस हवा होता आणि कापसासाठी मजूर हवे होते. स्वतःची जमीन असलेला माणूस आधी घरच्यांसाठी मका लावतो आणि उरल्या जागेत कापूस. त्या वादात मला सर्वांत निर्णायक वाटणारं कारण हेच आहे.

जमिनीनं सगळं सुटलं असतं का? नाही. बी-बियाणं, खेचर, उधारी, बाजार आणि घर जाळायला येणाऱ्यांपासून संरक्षण यांच्याशिवाय चाळीस एकर टिकले नसते. १८६६ साली दक्षिणेतली सरकारी पडीक जमीन गरिबांसाठी खुली करणारा कायदा झाला, पण ती जमीन जंगलाची आणि हलकी होती, आणि हातात भांडवल नव्हतं. फार थोड्या काळ्या कुटुंबांना तिथं तग धरता आला. स्टीव्हन्सच्या योजनेनं स्वर्ग उतरला असता, असा माझा दावा नाही. पण जमीन नाकारली गेल्यावर काय झालं ते पाहा. मिसिसिपी राज्यानं नोव्हेंबर १८६५ मध्येच कायदा केला, की मुक्त झालेल्या माणसाला शहराबाहेर जमीन भाड्यानंही घेता येणार नाही. जमीन म्हणजे काय, हे जुन्या मालकांना बरोबर ठाऊक होतं. काही वर्षांत दक्षिणेत अर्धेलीची शेती पसरली. जमीन मालकाची, बियाणं मालकाचं, किराणा दुकानदाराच्या वहीवर आणि ती वही लिहिणारा हात दुसऱ्याचा. हंगामाअखेर हिशेब लागला, की कुटुंब कर्जातच.

आणि मताचं काय झालं? १८७० साली पंधराव्या घटनादुरुस्तीनं वंशावरून मताधिकार नाकारायला बंदी केली. काळे प्रतिनिधी संसदेत बसले, राज्यांच्या सभागृहांत शाळांचे कायदे झाले. ती काही वर्षं तेजस्वी होती. पण मत द्यायला जाणाऱ्याचं घर मालकाच्या जमिनीवर असेल, तर मतदानाच्या दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढता येतं. १८७७ नंतर केंद्र सरकारनं हात काढून घेतला, तेव्हा त्या मताला उभं राहायला जमीन नव्हती. लुइझियानात १८९६ साली १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ साली ते १,३४२ उरले. आठ वर्षांत.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत विसंगतींच्या जीवनाचा इशारा दिला. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हे किती दिवस चालणार, असा तो प्रश्न होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. दक्षिणेतल्या त्या युद्धानंतरच्या काळाला, म्हणजे तथाकथित पुनर्रचनेला, काळ्यांच्या नालायकीची कहाणी ठरवणारं आणि स्टीव्हन्सना खलनायक करणारं इतिहासलेखन तेव्हा त्याच विद्यापीठात मोठ्या मानाचं होतं. त्यामुळे तो इशारा वाचताना लुइझियानाचे हे आकडे माझ्या डोळ्यांसमोर येतात.

स्टीव्हन्सबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो त्यांच्या तडजोडीमुळे. हट्टी माणूस अशी त्यांची ख्याती, पण १३ जून १८६६ ला नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती अंतिम मताला आली तेव्हा तिच्यात मताधिकाराची हमी नव्हती, जमिनीचं नावही नव्हतं. त्यांनी बाजूनं मत दिलं. आणि देताना उभं राहून सांगितलं, की माझं स्वप्न विरून गेलं आहे, जुन्या इमारतीचे सर्वांत वाईट कोपरे तेवढे डागडुजी करून आपण समाधान मानतो आहोत, तिच्यातून जुलमाची वादळं वाहतच राहणार. मग हे का स्वीकारतो? कारण मी देवदूतांत राहत नाही, माणसांत राहतो. राजकारणात अर्धी भाकरी घ्यावीच लागते. पण ती घेताना, ही अर्धी आहे, उरलेली बाकी आहे, असं सभागृहाच्या नोंदीत लिहून ठेवणारे किती? बहुतेक जण त्याच अर्ध्या भाकरीची मिरवणूक काढतात.

जॉन्सनवरच्या महाभियोगात त्यांना खुर्चीतून उचलून सभागृहात आणावं लागे. मे १८६८ मध्ये सिनेटमध्ये तो एका मतानं हुकला. तीन महिन्यांनी स्टीव्हन्स गेले. लँकेस्टरमधल्या इतर स्मशानभूमींचे नियम वंशभेद करणारे होते, म्हणून त्यांनी एका लहानशा स्मशानभूमीत जागा घेतली होती. मला एकांताची आवड आहे म्हणून मी इथं पडलेलो नाही, आयुष्यभर ज्या तत्त्वाची बाजू घेतली ते मरणातही दाखवावं म्हणून ही जागा निवडली, असा मजकूर त्यांनी थडग्यावर कोरून घेतला. त्या लहान जागेत तो आजही आहे.

१९८९ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जॉन कॉन्यर्स यांनी एक विधेयक मांडलं. गुलामगिरीची भरपाई द्या, असं ते म्हणत नाही. भरपाईचा अभ्यास करायला आयोग नेमा, एवढीच त्याची मागणी आहे. त्या चाळीस एकरांची आठवण म्हणून पुढे त्याला ४० हा क्रमांक मिळाला. दर नव्या संसदेत ते पुन्हा येत राहिलं, आणि सभागृहानं ते अजून मंजूर केलेलं नाही. कुणाला द्यायचं, किती द्यायचं, कसं मोजायचं, हे सारं फार गुंतागुंतीचं आहे, असं सांगितलं जातं. एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधले गुलाम मुक्त झाले, तेव्हा सरकारनं भरपाई दिली होती. ती मालकांना दिली, सरासरी माणशी तीनशे डॉलरच्या हिशेबानं. मुक्त झालेल्यांना देऊ केली ती देश सोडून गेलात तर शंभर डॉलरपर्यंतची मदत. प्रत्येकाची किंमत ठरवण्यासाठी तीन जणांचा आयोग बसला आणि त्यानं बाल्टिमोरहून गुलामांच्या एका व्यापाऱ्याला पारखी म्हणून बोलावून घेतलं. जवळपास तीन हजार माणसांचा तो सगळा हिशेब नऊ महिन्यांत पुरा झाला.